फाळक्यांचे डोळे, सरस्वतीबाईंचे हात

आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये ‘टाइम-लॅप्स’ नावाची सोय असते. गॅलरीतल्या कुंडीत मोगरा उमलताना टिपायचा असेल, तर मोबाइल एका जागी टेकवून ठेवायचा, बटण दाबायचे आणि आपल्या कामाला लागायचे. काही तासांनी हातात येते ती काही सेकंदांची चित्रफीत. मधली सगळी कामे आतली चिप करते. ठरावीक अंतराने चित्र घेणे, प्रकाश कमी-जास्त झाला तर तो सांभाळणे, चित्रे एकापुढे एक लावणे आणि ती ठरावीक वेगाने दाखवणे, यातले काहीच आपल्याला दिसत नाही.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत दादरच्या एका घरात हेच काम हाताने झाले होते. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरलेले, समोर लाकडी कॅमेरा आणि त्याच्याशेजारी महिनाभर जागेवरून न हललेला एक माणूस. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळके सर्वांना ठाऊक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्टही अनेकदा सांगितली जाते. पण फाळक्यांनी सिनेमा आणला म्हणजे नेमके काय आणले? कथा तर इथे होत्याच, नाटकेही होती आणि विदेशी चित्रपट मुंबईत १८९६ पासून दाखवले जात होते. नव्हती ती चित्र टिपण्यापासून ते पडद्यावर उमटवण्यापर्यंतची पूर्ण साखळी, म्हणजे यंत्रे, रसायने आणि ती चालवू शकणारे हात. फाळक्यांनी ही साखळी एका घरात उभी केली. तिची किंमत त्यांच्या डोळ्यांनी, झोपेने आणि त्यांच्या पत्नीच्या कष्टांनी मोजली.

ठिपक्यांचे शिक्षण

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र चित्रे, देखावे आणि यंत्रे यांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात शिकले. ही संस्था सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारली होती. कला आणि रसायनशास्त्र एकाच छताखाली शिकायला मिळेल, अशी जागा त्या काळी दुर्मीळच होती. गज्जरांनी या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखली आणि संस्थेचा छायाचित्रणाचा स्टुडिओ त्याला वापरायला दिला.

इथे आणि नंतर रतलामला फाळके हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाई शिकले. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिले, तर हाफटोन म्हणजे काय ते चटकन कळते. चित्रात करडा रंग नसतोच, असतात ते फक्त काळे ठिपके. गडद जागी ठिपके मोठे, फिकट जागी लहान. डोळा ते एकेकटे पाहत नाही, त्यांची सरासरी काढतो आणि आपल्याला छटा दिसते. तिरंगी छपाईत एकाच चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह घ्यायच्या आणि त्यांवरून तीन शाया एकावर एक अचूक छापायच्या.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचे तत्त्व यापेक्षा फार दूरचे नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक सूक्ष्म चौकटीवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. प्रत्येक चौकट एकाच रंगाचा प्रकाश मोजते आणि बाकीचे रंग शेजारच्या चौकटींवरून हिशेबाने भरले जातात. चित्र म्हणजे ठिपक्यांची मांडणी असते आणि उरलेले काम डोळा व मेंदू करतात, हा धडा फाळक्यांनी सिनेमाच्या कितीतरी आधी गिरवला होता.

प्लेग आणि कॅमेऱ्याची भीती

शिक्षण संपल्यावर फाळक्यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला. तेवढ्यात प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली ती साथ पाहता पाहता गुजरातेतही पसरली. तिच्यात फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये ओळखला गेला होता आणि हाफकिन यांची लस १८९७ मध्ये मुंबईतच तयार झाली होती. पण रुग्ण बरा करणारे प्रतिजैविक यायला अजून चार-पाच दशके होती.

दुःख पाठीवर टाकून फाळके बडोद्याला परतले आणि पुन्हा स्टुडिओ उघडला. तिथे वेगळीच अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढला की आयुष्य घटते, असा समज लोकांत पसरला होता. हा समज मूर्खपणाचा वाटतो, पण तो कुठून आला असेल याचा अंदाज करता येतो. साथीच्या दिवसांत माणसे पटापट मरत होती. ज्यांचे फोटो काढले त्यांतलेही काही मरणारच. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कारण आणि परिणाम शोधणे हा मनाचा जुना स्वभाव आहे. लशी, मोबाइल टॉवर आणि नव्या औषधांबाबत आजही आपण तीच चूक करतो. फाळक्यांचा स्टुडिओ मात्र त्या समजापायी बसला.

पोटासाठी त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले. आपले आडनाव उलटे वाचून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते प्रयोगही करत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला आणि राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. छापखाना पुढे दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

डोळे गेले आणि आले

याच काळात गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालू शकतो, तर कृष्ण आणि राम का नाही, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. दुसऱ्या खेळाला त्यांनी सरस्वतीबाईंनाही नेले. पुढचे कित्येक महिने दुसरे काही सुचेना. ते रोज चार-पाच तास चित्रपट पाहत. परदेशातून यंत्रांच्या याद्या आणि पुस्तके मागवत. एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळे आणून रात्री मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडून बघत. झोप नावालाच उरली.

अखेर डोळ्यांनी दगा दिला. दिसणे कमी होत होत जवळपास बंदच झाले. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला होता, तो त्यांनी मानला नव्हता. घरात लहान मुले होती आणि मिळकत नव्हती. आता घरातला कर्ता माणूस आंधळा होण्याची वेळ आली होती, आणि तोही असा, की ज्याचे सगळे कसब नजरेवर उभे होते. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी नजर परत आली. पुढे तीन-चार वेगवेगळे चष्मे जवळ बाळगून ते काम करत राहिले.

ही गोष्ट सांगताना सिनेमा पाहून पाहून त्यांना मोतीबिंदू झाला, असे बरेचदा म्हटले जाते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग धूसर होते. वय, मधुमेह, इजा, अतिनील किरण, तंबाखू आणि स्टिरॉइडसारखी काही औषधे ही त्याची कारणे आहेत. पडद्याकडे बघण्याने तो होत नाही. पडद्याने होतो तो ताण. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, बुबुळावरचा अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात आणि नजर मधूनच धूसर होते. जवळचे पाहताना आतला स्नायू सतत आकसलेला राहतो, त्यामुळे डोके दुखते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा सल्ला त्यासाठीच असतो. तासन्‌तास संगणकावर व्हिडिओचे संकलन करणाऱ्यांनी तो भिंतीवर लावून ठेवावा.

यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. नजर अचानक कमी झाली, डोळा लाल होऊन दुखू लागला, समोर पडदा आल्यासारखे किंवा वीज चमकल्यासारखे वाटले, तर तो ताण आहे असे समजून घरी बसू नये. बुबुळाची जखम, काचबिंदू किंवा दृष्टिपटल सुटणे यांत उशीर झाला तर गेलेली नजर परत मिळत नाही. फाळक्यांनी उशीर केला, पण त्यांची नजर परत आली. प्रत्येकाचे नशीब तसे नसते.

लंडनचे दोन आठवडे

डोळे बरे होताच फाळक्यांनी आपली आयुर्विमा पॉलिसी गहाण टाकली. बारा हजारांच्या पॉलिसीवर दहा हजार रुपये मिळाले. म्हणजे आपण गेलो तर बायकामुलांसाठी ठेवलेला आधारच त्यांनी यंत्रांसाठी मोडला. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते एकटे लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या सिनेसाप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादकांना भेटले. संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखवला.

जेमतेम दोन आठवड्यांत फाळक्यांनी पाहायचे ते पाहून घेतले. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईला परतले. सामान आल्यावर आराखड्याच्या आधाराने त्यांनी स्वतःच ते जोडले. दोन आठवड्यांत सिनेमा शिकून आलेला माणूस, असे ऐकायला छान वाटते. खरे तर त्या दोन आठवड्यांमागे भिंगे, रसायने, ब्लॉक आणि छपाई यांतली वीस-पंचवीस वर्षे होती. लंडनमध्ये त्यांना फक्त शेवटचा दुवा जोडायचा होता.

एका मिनिटाची ९६० चित्रे

यंत्रे आली, पण पैसे संपले. चित्रपट ही काय चीज आहे हे सावकाराला पटवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले. बी रुजून, कोंब फुटून, वेल वर चढेपर्यंत ते ठरावीक काळाने एकेक चित्र घेत राहिले. तयार झाली ती मिनिटभराच्या आसपासची फिल्म. महिनाभराची वाढ डोळ्यांदेखत होत होती.

यातले गणित साधे आहे. त्या काळी फिल्म साधारण सेकंदाला सोळा चित्रे या वेगाने चाले. म्हणजे एक मिनिट भरायला ९६० चित्रे लागतात. ३० दिवसांत ती गोळा करायची, तर दिवसाला ३२. कॅमेरा केसभर हलला तर पडद्यावर वेल उडी मारणार, उजेड बदलला तर चित्र लुकलुकणार. पक्की बैठक असलेल्या माणसाचेच हे काम.

सोळा स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून गेली की हालचाल का दिसते? पूर्वी याचे उत्तर ‘दृष्टिसातत्य’ असे एका शब्दात दिले जाई. म्हणजे चित्राचा ठसा डोळ्यात क्षणभर टिकतो आणि पुढच्या चित्रात मिसळतो. आता समजते की मुख्य काम मेंदूचे आहे. किंचित फरक असलेली चित्रे झपाट्याने आली की मेंदूतली गती ओळखणारी यंत्रणा त्यांत सलग हालचाल पाहते. सोळा चित्रांत लुकलुक मात्र जाणवते. म्हणून प्रक्षेपकापुढे तीन पात्यांची फिरती झडप बसवत. ती प्रत्येक चित्र तीनदा झाकून उघडत असे. सेकंदाला ४८ उघडझापा झाल्या की प्रकाश पुष्कळसा स्थिर भासतो.

वाटाण्याच्या वेलाने काम केले. ती फिल्म पाहून कर्ज मिळाले. उरलेली भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

अंधाऱ्या खोलीतले हात

चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ ठरला. कॅमेरा चालवायला फाळक्यांनी त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. हे सारे वाचकांना ठाऊक असते. ज्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही ते घडत होते अंधाऱ्या खोलीत.

तेव्हा कोरी फिल्म छिद्रांविना येत असे. कॅमेऱ्यातल्या दात्यांनी फिल्म पुढे ओढायची, तर तिच्या दोन्ही कडांना समान अंतरावर छिद्रे हवीत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्रासाठी दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे असतात आणि एका फुटात सोळा चित्रे मावतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे ५९ हजारांवर चित्रे आणि पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे. त्यात निगेटिव्ह वेगळी, प्रत वेगळी आणि वाया गेलेली फिल्म आणखी वेगळी. छिद्र किंचित सरकले की पडद्यावर चित्र थरथरते. उजेडाचा कवडसा आला की फिल्म काळी पडते.

हे काम सरस्वतीबाई करत. फाळक्यांनी त्यांना छिद्रे पाडणे, फिल्म यंत्रात चढवणे आणि रसायनांत धुणे शिकवले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे, मुले. रात्री सगळे निजले की अंधारात हाताच्या अंदाजाने फिल्मचे काम. चित्रीकरण सुरू असताना त्या उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. हे काही आडाखे बांधून केलेले साहाय्य नव्हते, तर आज ज्याला ‘रिफ्लेक्टर’ म्हणतात तेच काम होते. चित्रीकरणासाठी विजेचे दिवे नव्हते, ऊन हाच दिवा. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पांढरी चादर उलटा प्रकाश टाकून त्या मऊ करते.

फिल्मचा स्वभावही समजून घ्यावा लागे. जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांत एक अदृश्य बदल होतो आणि डेव्हलपर ते कण धातुरूप, काळ्या चांदीत बदलतो. मग हायपोच्या द्रावणात उरलेले क्षार विरघळून जातात आणि शेवटी फिल्म भरपूर पाण्याने धुवावी लागते. हे काम साधारण वीस अंश तापमानाला उत्तम होते. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणीच त्याहून कितीतरी गरम. गरम पाण्यात जिलेटिन फुगते आणि सुटूही शकते. शिवाय त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिवा चाले. पण लाल शालू किंवा कुंकू पडद्यावर काळेभोर दिसे. म्हणजे पात्रांच्या कपड्यांचे आणि चेहऱ्यांचे रंग डोळ्यांना कसे दिसतात यापेक्षा फिल्मला कसे दिसतील, याचा विचार आधी करावा लागे. तिरंगी छपाई केलेल्या माणसाला तो नवा नव्हता.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो दाखवला गेला.

‘अनडू’ नसलेली जादू

यशानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ तिथे तयार झाले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. मग महायुद्ध आले. फिल्म आणि रसायने परदेशातून यायची, ती मिळेनाशी झाली आणि भांडवलही आटले. तरी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत होते. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ आला. यात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती.

देव प्रकट होणे, माणूस अदृश्य होणे, एका चेहऱ्यात दुसरा चेहरा विरघळणे ही करामत आज संगणकावर थर एकावर एक ठेवून होते. फाळक्यांना ती कॅमेऱ्यातच करावी लागे. मागे काळा पडदा ठेवून अर्धे चित्र टिपायचे. काळ्या भागातून प्रकाश येत नसल्याने तेवढी फिल्म कोरी राहते. मग कॅमेऱ्याचा दांडा उलटा फिरवून, फेरे मोजून, फिल्म नेमकी त्याच जागी आणायची आणि कोऱ्या भागात दुसरे चित्र टिपायचे. माणूस नाहीसा करायचा असेल तर कॅमेरा थांबवून पात्राने निघून जायचे, बाकीच्यांनी पुतळ्यासारखे उभे राहायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. मोजणी चुकली तर दोन्ही चित्रे वाया. संगणकावर चुकीची पायरी मागे घेता येते, तशी इथे सोय नव्हती. प्रोफेसर केल्फाचे प्रयोग इथे कामी आले. प्रेक्षकाची नजर कुठे आहे हे जादूगाराला पक्के ठाऊक असते.

सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही फाळक्यांनी केली. तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. आपली विद्या झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आवाज आला

१९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पण खर्च आणि अधिकार यांवरून खटके उडू लागले. फाळके सगळे सोडून काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही काळाने परतून त्यांनी पुन्हा चित्रपट केले, पण जुनी पकड उरली नव्हती. एकट्याने सगळी साखळी हातात ठेवण्याचे दिवस सरत चालले होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने बोलपट आणला. फिल्मशेजारी ध्वनीची पट्टी आली, मायक्रोफोन आले आणि त्यांचे वेगळे तंत्रज्ञ आले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

त्यांचे बहुतेक चित्रपट आज पाहायला मिळत नाहीत. याचे एक कारण खुद्द फिल्ममध्ये होते. ती नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ स्फोटक कापसाचा जवळचा नातलग. तो पेटला की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्यातूनच मिळतो, म्हणून पाण्यानेही विझत नाही. न पेटताही तो वर्षानुवर्षे कुजत राहतो, चिकट होतो आणि शेवटी भुकटी होतो. उष्ण आणि दमट हवेत हे आणखी लवकर घडते. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तेव्हा मूकपटांच्या काळातले फार थोडे उरले होते. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच वाचले आहेत.

डिजिटल चित्रेही अमर नाहीत. हार्ड डिस्क बिघडते, मेमरी कार्ड दगा देते आणि जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. घरातल्या लग्नाचे, आजीच्या आवाजाचे किंवा बाळाच्या पहिल्या पावलांचे चित्रीकरण एकाच मोबाइलमध्ये पडून असेल, तर त्याच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. जाणकार हाच नियम सांगतात. फाळक्यांच्या काळी एक प्रत काढायची म्हणजे पुन्हा फिल्म विकत आणायची, पुन्हा छिद्रे पाडायची आणि पुन्हा रात्र जागवायची. आपल्याला त्यासाठी फक्त एक दुपार काढायची आहे, अधूनमधून पडद्यावरून नजर काढून लांबच्या झाडाकडे पाहत.